झुंबरीचा पावना

झुंबरी दगडू पवार, वय अदमासे दहा, जात फासेपारधी, राहणार सोलापूरची तारेची वसाहत, हिच्यावर अन्याय झाला. गेल्या मार्गशीर्षातल्या दुसऱ्या रविवारी झाला. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती, उन्हं कुंपणाच्या मधल्या तारेवर आली होती आणि गावात बरीचशी मंडळी अजून राखुंडीनं दात घासत होती. कुणी केला तेही मला ठाऊक आहे. नाव लिहिलंही होतं. पण छापखान्याच्या मालकानं हात जोडले. म्हणाला, बाकी काय हवं ते छापतो, नाव तेवढं नको, मला मुलंबाळं आहेत. म्हणून नाव नाही. तुम्ही सोलापूरचे असाल तर पान उलटायच्या आत ओळखाल.

पत्रकात एवढंच मावतं. अन्याय, दिवस, वेळ, मागणी. अशी पत्रकं मी पुष्कळ लिहिली, भवानी पेठेतल्या भिंतींवर खळ लावून चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी शेळ्यांनी ती खळीसकट फस्त केलेली पाहिली. झुंबरी मात्र पत्रकात मावत नाही. ती वर्गातसुद्धा एका जागी मावत नसे. म्हणून हे लांबण.

ज्यांनी वसाहत पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाव संपून माळ सुरू होतो तिथं तारेचं कुंपण आहे. त्याच्या आत काही जमाती ठेवल्या आहेत. त्यांनी काय केलं, असं विचाराल, तर ते जन्मले. सरकारच्या कायद्याप्रमाणे तेवढा गुन्हा पुरतो. आतल्या मोठ्या माणसांनी रोज फाटकाशी उभं राहून हजेरी द्यायची. गिरणीत कामाला जायचं तर पास घ्यायचा, भोंगा झाला की परत यायचं, यायला उशीर झाला तर तो दुसरा गुन्हा. मुलांसाठी आत शाळा आहे. तिथं मी मास्तर होतो. आता नाही. का नाही, ते पुढं ओघानं येईल.

झुंबरी पहिल्या दिवशी वर्गात आली ती खिडकीतून. दार उघडंच होतं. मी विचारलं, दारानं का नाही आलीस? तर म्हणाली, दारात शिपाई असतो. मी म्हटलं, शाळेच्या दारात कुठं शिपाई आहे? तिनं वळून नीट पाहिलं, तिची खात्री पटली आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खिडकीतूनच आली.

अंगानं काटकुळी, केस उन्हानं भुरे झालेले, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. त्या तुटक्या दातातून ती शीळ घालायची. खोटं बोलण्यात पटाईत. पाटी कुठं आहे, काल का आली नाहीस, गोष्टीचं पुस्तक कुणी फाडलं, या कशाचंही खरं उत्तर तिनं मला दिल्याचं आठवत नाही. पण जनावराबद्दल कधी खोटं बोलली नाही. होला, घोरपड, ससा, खोकड, कशाचंही विचारा, माहीत असेल तर सांगायची, नसेल तर म्हणायची, “बाला इचारते.” बा म्हणजे दगडू. गिरणीत गासड्या उचलणारा, वसाहतीत सगळ्यांत कमी बोलणारा माणूस.

तिचं एक पालुपद होतं. मी काहीही शिकवायला लागलो की ती आधी त्याची वाटणी करायची. “ते तुमच्यात. आमच्यात न्हाय.” वाढदिवस तुमच्यात, आमच्यात न्हाय. उशी तुमच्यात. भीक घालताना वरनं टाकायची तुमच्यात. एकदा मी सांगितलं की पृथ्वी गोल आहे. तिनं माळाकडं पाहिलं, थोडा वेळ विचार केला आणि पृथ्वीसुद्धा माझ्या वाटणीला टाकली. “आसल तुमच्यात.”

आमच्यात असलेल्या गोष्टींमध्ये सगळ्यांत मोठी होती घागऱ्याची. फासेपारध्यांत बाईच्या घागऱ्याला फार मोठी ताकद आहे. घागऱ्याचं टोक ज्या वस्तूला लागलं ती वस्तू पुरुषानं शिवायची नाही. भांड्याला लागलं तर त्यातलं तो खाणार नाही. शिकारीला लागलं तर ती शिकार त्याच्यापुरती संपली. न पाळणाऱ्या माणसाला देवीचा कोप. वसाहतीतल्या चाळींना ही गोष्ट कळलेली नाही, खोल्या एकमेकींना चिकटून आहेत. म्हणून बायका आपले घागरे घरापासून दूर, फाटकातून शाळेकडं येणाऱ्या वाटेलगत, कुंपणाच्या तारेवर वाळत टाकतात. आपल्या पुरुषांना वाट मोकळी राहावी म्हणून. ही वाट लक्षात ठेवा.

आता पावना.

मी नोकरीला लागलो त्याच पावसाळ्यात, नाल्याच्या बाजूला जिथं तार जरा वर उचललेली आहे तिथून, कुत्री मागं लागलेलं काळविटाचं एक पाडस आत घुसलं. पाठ तारेवर खरवडलेली, पाय काड्यांसारखे. झुंबरीनं त्याला कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकलं आणि डालग्यावर स्वतः बसली. कुत्री गेली. पण खरी भीती कुत्र्यांची नव्हती. ती फासेपारध्याची पोर. तिचा आजा, पणजा हरणाला फासे लावून जगले. वसाहतीत महिनोन्‌महिने ज्वारीच्या कण्या आणि आमटी. गिरणीतून परतलेल्या माणसांना डालग्याखाली काय आहे ते कळलं असतं, तर पाडसाची दुसरी सकाळ उगवली नसती. आणि त्या माणसांना मी दोष देत नाही. पोट रिकामं असलेल्यानं दया शिकवली तर ऐकावं, भरलेल्यानं शिकवली तर ऐकू नये.

झुंबरीनं काय केलं? आई चुलीशी होती. तिचा लाल घागरा, भवानी पेठेतल्या एका तेलुगू साळ्याकडून आणलेल्या पक्क्या रंगाच्या कापडाचा, वाळत होता. पोरीनं त्याच्या घेराची पट्टी टरकावली आणि पाडसाच्या गळ्यात बांधली.

दगडू फाटकावर हजेरी देऊन आला. डालगं उचललं. पट्टी पाहिली. मग खाली बसला आणि खोकला येईपर्यंत हसला. त्या माणसाला हसताना वसाहतीनं कधी पाहिलं नव्हतं. शेजारी गोळा झाले, त्यांनी पट्टी पाहिली, तेही हसले, आणि एकही जण हात पुढं करू शकला नाही. कुणीतरी म्हणालं, दगडूच्या पोरीनं अख्ख्या जमातीला फासा लावला. आई तेवढी बडबडत होती, फाटका घागरा हातात घेऊन. धड घागरा तेवढा एकच होता.

दगडूनं मुलीला एकच गोष्ट बजावली. तिनंच मला सांगितली. “दूध पाज, पर दावं लावू नगं. दावं लावलं की त्ये आपल्यागत हुईल.”

दावं लावलं नाही. शेळीच्या दुधात भिजवलेला बोळा चोखून पाडस तगलं, पायावर उभं राहिलं आणि एके सकाळी नाल्याकडच्या त्याच फटीतून माळावर निघून गेलं. झुंबरी दोन दिवस वर्गात आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती शीळ घालत. ते परत आलं होतं. त्यानंतर ते रोज यायचं. माळावरच्या कळपात राहायचं, सकाळी उन्हं कोवळी असताना तारेशी येऊन उभं राहायचं, तिच्या तळव्यावरचं मीठ चाटायचं आणि जायचं. तिनं नाव ठेवलं पावना. आमच्या भाषेत पाहुणा. त्या तारेच्या आत-बाहेर स्वतःच्या मर्जीनं येणारा-जाणारा तेवढा एकच जीव होता, तेव्हा दुसरं नाव शोभलंही नसतं.

मिठासाठी आईचा मार बसायला लागला तेव्हा तिनं खडूचा शोध लावला. वर्गातले खडू नाहीसे होऊ लागले. मी कपाटाला कुलूप घातलं तरी नाहीसे होत. एक दिवस मी तारेशी गेलो तर पावना मान वाकडी करून मोठ्या चवीनं सरकारी खडू चघळत होता. झुंबरीनं मला पाहिलं आणि लगेच तोंड उघडलं.

“मास्तर, त्यो शिकायलाय.”

वर्गात मी नावं पुकारायचो. तिनं हट्ट धरला की पावन्याचंही नाव पुकारलं पाहिजे. तिचं म्हणणं सरळ होतं: इथं ज्याचं नाव पुकारत नाहीत तो पळून गेला असं धरतात आणि मग त्याला धरायला माणसं जातात. म्हणून रोज शेवटी मी “पावना?” असं पुकारायचो आणि सगळी मुलं एका सुरात उत्तर द्यायची, “बिगर पास!” एकदा हे वसाहतीच्या अधिकाऱ्यांच्या कानावर गेलं. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. त्यांनी मला बोलावून विचारलं, हा पावना कोण? मी म्हटलं, हरण. ते म्हणाले, हजेरीची थट्टा नको. थट्टा हजेरीनं चालवली होती, आम्ही नव्हे, पण ते मी त्यांना त्या दिवशी म्हणालो नाही, पत्रकात म्हणालो.

पावना मोठा होत गेला तशी गळ्यातली पट्टी आवळायची. ती काढून झुंबरी नवी, लांब बांधायची. आईच्या घागऱ्याचा घेर दर वेळी थोडा कमी व्हायचा. आई ओरडायची, मग स्वतःच दातानं फाडून द्यायची. वसाहतीतल्या पुरुषांपासून पावना निर्धास्त होता. पण माळावर बाहेरचे लोकही येत, बंदुका घेऊन. सोलापुरातल्या प्रतिष्ठितांना रविवारी देवदर्शनाइतकाच हाही नाद आहे. तसं कुणी लांबून दिसलं की झुंबरी गोफण काढायची. तारेच्या बाहेर तिला जाता येत नव्हतं, दगडाला येत होतं. पावन्याच्या पायापाशी दगड पडायचा, तो दचकून चार उड्या मारायचा, वळून पाहायचा. ती दुसरा मारायची. मग तो नाल्यापलीकडं दिसेनासा व्हायचा. ती गोफण गुंडाळत म्हणायची, “रुसला.” दुसऱ्या दिवशी खडू जास्त जायचा.

असं चाललं असतं. पण पुढच्या वर्षी पावसाळ्याअखेर वसाहतीत बक्षीससमारंभ झाला.

गावात एक समिती आहे. आमची सुधारणा करणं हे तिचं काम. आमची म्हणतो, कारण तिथं राहिल्यावर मी आपोआप सुधारणेच्या यादीत गेलो. समितीचे प्रमुख एक वकीलसाहेब. ते समारंभाला आले, मागून बाकीची सभ्य मंडळी. पाऊस नुकताच उघडला होता, वाटेत चिखल, आणि वाटेलगत तारेवर सगळ्या वसाहतीचे घागरे वाळत होते. वारा सुटला. घागरे फुगून वाटेवर आले. वकीलसाहेबांनी चटकन दोन बोटांनी धोतराचा सोगा उचलला, अंग चोरलं आणि लांबून वळसा घातला. त्यांच्यामागं सगळ्यांनी तसंच केलं. एकामागून एक, पांढरी धोतरं उचलून, चिखलातून, बगळ्यांच्या रांगेसारखे. फुलांच्या माळा घेऊन उभी असलेली मुलं हे बघत होती. वकीलसाहेब स्वच्छतेवर बोलले. बुंदीचे लाडू वाटले. वरून टाकून.

मंडळी गेल्यावर झुंबरी माझ्याकडं पळत आली. परगावी अचानक नात्यातलं माणूस भेटावं तसा तिचा चेहरा झाला होता.

“मास्तर, तुमच्यात बी हाय की!”

मी विचारलं, काय?

“घागऱ्याचं. सगळ्या बाप्यांनी वाट सोडली की. मी बगितलं.”

मला तिला खरं सांगणं भाग होतं आणि मी सांगितलं. म्हटलं, झुंबरे, ते देवीला भिऊन बाजूला झाले नाहीत. ते तुम्हाला हलकं समजतात. तुमचं कापड अंगाला लागलं तर विटाळ होतो असं त्यांना वाटतं. तिनं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. मास्तरला कधीकधी काही कळत नाही, हे तिला आधीच माहीत होतं.

“तसं आसतं तर आमच्या आयांनी गिरनीत काडलेल्या सुताची धोतरं कशाला नेसले आसते?”

याचं उत्तर तुमच्यापाशी आहे? तिनं केलेला तर्क बिनतोड होता. चूक एवढीच होती की तो तिनं शहाण्या माणसांना लावला आणि समोर आपण होतो. कापडाला भिऊन मोठा माणूस चिखलात उतरतो, तर त्या कापडात काहीतरी पवित्र, धाक वाटण्यासारखं असलंच पाहिजे. हलकं समजून इतकं कोण भिईल?

त्या दिवसापासून तिनं गोफण टाकून दिली. बंदूकवाले आले तरी ती शांत बसायची. पावना तारेशी उभा, ती त्याच्या कपाळावरचा गोचीड काढतेय. मी एकदा म्हटलं, अगं, हाकल त्याला. ती म्हणाली, कशाला हाकलू, त्यांच्यात बी हाय की. काही काळ कुणी गोळी झाडलीही नाही. पल्ला लांब असेल, नाहीतर हरण अजून तांबूस, काळं न झालेलं, शिंगांना जेमतेम दीड पीळ, म्हणून सोडून दिलं असेल. चांगला शिकारी असलं पोर मारत नाही. पण तिला वाटलं, पट्टी पाहून सोडलं. तिचा विश्वास पक्का होत गेला.

मार्गशीर्षातल्या त्या शनिवारी रावसाहेबांनी फर्मान काढलं की उद्या वकीलसाहेब शिकारीला येणार आहेत, हाका घालायला, माळावरचं जनावर बंदुकीकडं हुसकायला, माणसं हवीत. गिरणीला सुट्टी. दगडूचं नाव त्यात होतं. नाही म्हणायची सोय नसते. झुंबरीला कळलं तेव्हा ती घाबरली नाही. तिनं आईकडून घागऱ्याचा आणखी एक तुकडा मागून घेतला, पहिल्याच्या दुप्पट रुंद. मी विचारलं, एवढा मोठा कशाला?

“उंद्या मानसं लई असत्याल. लांबनं दिसाया पायजे.”

रविवारी सकाळी तिनं तो नवा, मोठा, लालभडक तुकडा तारेतून हात घालून पावन्याच्या गळ्यात बांधला. गाठ दोनदा ओढून पाहिली. हजेरी झाली. मोटार आली. मी फाटकाशी होतो, तिथून नाल्याची बाजू उघडी दिसते. पावना तारेपासून दूर सरला होता पण पळाला नव्हता. इतक्या महिन्यांत त्याच्या पायाशी दगड पडला नव्हता, पळायचं त्याला काय कारण? वकीलसाहेबांनी मोटारीच्या पायरीवर एक पाय ठेवून बंदूक उचलली. दगडू, साऱ्या आयुष्यात साहेबाला आपणहून एक शब्द न बोललेला दगडू, पुढं झाला.

“सायेब, त्याला नगं. त्याच्या गळ्यात घागरा हाय.”

“दिसतोय की,” वकीलसाहेब म्हणाले. “म्हणूनच नेम सोपा.”

एकाच गोळीत पडला. नेम सोपा होता.

मग गाडी तशीच तिथं आणून हरण मागं चढवायचा हुकूम झाला. हाका घालणारे सगळे पारधी हरणाभोवती उभे राहिले आणि त्यांनी हात पाठीमागं नेले. रावसाहेब ओरडले. पुन्हा ओरडले. कुणी हललं नाही. दगडू म्हणाला, सायेब, चामडी सोला आमची, पर त्याला घागऱ्याचं लागलंय, त्याला हात लागनार न्हाय. रावसाहेबांनी ते ऐकून घेतलं नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की हजेरीतली माणसं हात पाठीमागं घेऊन उभी आहेत आणि पाहुण्यांसमोर आपला हुकूम जमिनीवर पडून आहे. शेवटी वकीलसाहेबांचा ड्रायव्हर आणि शिपाई, दोघांनी हरण उचललं. शिपायानं ती पट्टी सोडून माळावर फेकली.

मोटार परतताना फाटकाशी थांबली. झुंबरी आत उभी होती. रडत नव्हती. वकीलसाहेबांनी ती पोर पाहिली, त्यांना कुणीतरी सांगितलं की हरण हिच्या लळ्याचं होतं. माणूस मनानं वाईट नाही, हे मी कुणाच्याही आधी म्हणेन. त्यांनी खिशातून खडीसाखर काढली, फाटकाच्या गजांतून पुढं केली. म्हणाले, बाळ, मला ठाऊक नव्हतं.

तिनं साखर घेतली नाही. विचारलं,

“तुमच्यात घागऱ्याचं न्हाय व्हय?”

त्यांना कळलं नाही. त्यांनी रावसाहेबांकडं पाहिलं, रावसाहेबांनी खांदे उडवले. तिनं दुसऱ्यांदा विचारलं, जरा सावकाश, बहिऱ्या माणसाला विचारावं तसं.

“मग त्या दिशी धोतर का उचललं?”

फाटकाशी पन्नासएक माणसं असतील.  वकीलसाहेबांनी साखर पुन्हा खिशात घातली, मोटारीत बसले, मोटार गेली. दहा वर्षांची पोर उत्तराची वाट पाहत तशीच उभी राहिली. मग तिचं उत्तर तिला कुणी न सांगताच मिळालं. मी ते तिच्या तोंडावर पोहोचताना पाहिलं. मी पूर्वी तिला शब्दांत सांगितलं होतं तेव्हा ते पोहोचलं नव्हतं.

दगडूवर ठपका ठेवला: हुकूम मोडला, इतरांना चिथावलं. शिक्षा म्हणून कुटुंबाची रवानगी दक्षिणेकडच्या एका लांबच्या वसाहतीत. मी रावसाहेबांकडं जाऊन सगळी हकीकत सांगितली, घागऱ्याचा रिवाज सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, मास्तर, हे अडाणी समज आपणच काढायचे असतात. मग मी पत्रक काढलं. त्यात शेवटी लिहिलं की समज काढायचेच तर धोतरापासून सुरुवात करू. नोकरी गेली ती त्या ओळीनं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सोलापूर स्टेशनावर. पुढं पोलीस, मागं पोलीस, मध्ये दगडू डोक्यावर बोचकं घेऊन, त्याच्यामागं बायको आणि झुंबरी. आईच्या अंगावर तोच लाल घागरा होता. माळावर फेकलेली पट्टी कुणीतरी शोधून आणली असावी. आईनं ती काळ्या दोऱ्यानं घागऱ्याच्या घेराला पुन्हा जोडली होती. तिच्यावर डाग होते. पक्क्या रंगाच्या लालावरही दिसत होते.

फलाटावर गर्दी होती. ही माणसं चालली तशी गर्दी दुभंगत गेली. सगळीकडं सोगे वर जात होते, पदर सावरले जात होते, मुलांना आत ओढलं जात होतं. झुंबरी चालता चालता प्रत्येकाच्या हाताकडं पाहत होती. कोण उचलतो, कोण उचलत नाही. घाई नव्हती तिला. पूर्वी माळावरचे माग ती जशी वाचायची तशी ती आता आपल्याला वाचत होती.

डब्याच्या दाराशी एक म्हातारा हमाल बसला होता. तो उठला नाही, सरकला नाही. आईच्या घागऱ्याचा घेर त्याच्या गुडघ्यावरून गेला. तो म्हणाला, “आ गे बेटी, पाँव संभाल के, पायरी ऊँची है,” आणि तिला दंडाला धरून वर चढवलं. झुंबरीनं डब्याच्या दारातून वळून त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं नाही. गाडी हलली. ती त्याच्याकडं पाहतच राहिली. मग तुटक्या दातातून तिनं शीळ घातली, पावन्याला बोलवायची ती, एकदाच.

त्या हरणाची दीड पिळाची शिंगं वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात टांगली आहेत. तुमच्यापैकी पुष्कळांनी त्यांच्याखाली बसून चहा घेतला आहे.

येत्या माघात वसाहतीत पुन्हा बक्षीससमारंभ आहे. निमंत्रणं तुमच्या घरी पोहोचली आहेत. मला आता फाटकातून आत सोडत नाहीत, तुम्हाला सोडतील. जा. फाटकातून शाळेकडं जाताना उजव्या हाताला घागरे वाळत असतील, वारा असेल, ते तुमच्या अंगावर येतील. धोतर उचलू नका. मांडवात पोहोचलात की माळा घालायच्या आधी उभे राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा: झुंबरी दगडू पवार कुठं आहे, तिला आणि तिच्या आईबापाला परत कधी आणता? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.